सोसायटीच्या गच्चीवर सोलर: ग्रुपवर सगळे तयार, सभेत हात वर होत नाहीत. कुणी जमवलंय का?

मुलुंडची_खजिनदार

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमची सात मजली, दोन विंगांची सोसायटी आहे. ५६ फ्लॅट, बिल्डिंग १९९८ ची. गेल्या निवडणुकीत दुसरं कुणी उभं राहिलं नाही, म्हणून मी खजिनदार आहे.

लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिना-पार्किंगचे दिवे मिळून कॉमन मीटरचं बिल महिन्याला पंचवीस हजारांच्या खाली येत नाही. मे महिन्यात तिसाला टेकतं. म्हणून गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर बसवायचा प्रस्ताव मी आणला. कोटेशन साडेदहा लाखांचं आहे. पीएम सूर्यघर योजनेत हाउसिंग सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरले सात लाखांच्या आत, फ्लॅटमागे साडेबारा हजार धरा. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. पावसाळ्यातली घट धरून वर्षाला २८ हजार युनिट. नेट मीटरिंगने (ग्रिडला दिलेली जादा वीज बिलातून वजा होते) बिल वर्षाला अडीच लाखांनी उतरायला हवं. तीन वर्षांत पैसे वसूल आणि पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतात. बी विंगमध्ये एक सीए राहतात, तेही हिशेब बघून "बरोबर आहे" म्हणाले.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तेव्हा अंगठ्यांचा पाऊस पडला. "छान उपक्रम", "काळाची गरज", झाडाचे इमोजी, सगळं. मग विशेष सर्वसाधारण सभा घेतली. साडेदहाला सात डोकी, कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, अकराला बावीस. विरोधात एक जण बोलला नाही. चेअरमन म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करा." मी समोरच बसले होते, त्यामुळे सगळे चेहरे दिसत होते. प्रत्येक जण आधी शेजाऱ्याकडे बघत होता. तिसऱ्या रांगेतल्या एका काकांचा हात खांद्यापर्यंत आला, त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि त्याच हाताने चष्मा सारखा केला. मोजून नऊ हात.

नंतर जिन्यात एकेक जण गाठतो. "आम्ही पहिल्या मजल्यावर, लिफ्ट वापरतच नाही." "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, मग कशाला?" "भाडेकरू ठेवलाय, त्याच्या लिफ्टसाठी मी का भरू?" आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच: "बघू, बाकीचे काय म्हणतात." चेअरमन आता म्हणतात ठराव रेटून नेऊ आणि न भरणाऱ्याला दंड लावू. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही.

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जितका कार्बन सोडू तितका शोषला जाईल, असं त्यात आहे. केंद्राचं अनुदान आहे, राज्याचे नियम आहेत. पण हे सगळं येऊन अडतं ते आमच्या वॉचमनकडे असलेल्या गच्चीच्या किल्लीपाशी. कुठली कंपनी, कुठलं पॅनेल हे मला विचारायचं नाही. ज्यांनी आपल्या सोसायटीत असं काही पार पाडलंय, त्यांनी माणसं कशी जमवली ते सांगा.

खडूफळा

ताई, मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्या काकांनी चष्मा सारखा केला तेव्हा ते पैशांचा हिशेब करतच नव्हते. बाकीचे हात मोजत होते. २०२४ साली एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. १२५ देश, जवळपास १ लाख ३० हजार माणसं. विचारलं होतं, हवामान बदल रोखण्यासाठी दर महिन्याच्या घरच्या उत्पन्नातला १ टक्का द्याल का? ६९ टक्के लोक हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती जण हो म्हणतील असं वाटतं? सरासरी उत्तर ४३ टक्के. म्हणजे तयार असलेला माणूस शेजाऱ्याला नाखूश समजतो, शेजारी त्याला नाखूश समजतो आणि दोघं मिळून सरकारला सांगतात की लोकांची इच्छा नाही. पुढाऱ्यांचंही तसंच. मतदार रागावेल या भीतीने ते जे टाळतात, त्यातलं बरंचसं मतदाराला चालणारं असतं.

दुसरी गोष्ट. अर्थशास्त्रातला एक खेळ आहे: चार अनोळखी माणसं, प्रत्येकाला थोडे पैसे, सामाईक पेटीत किती टाकायचे ते ज्याने त्याने ठरवायचं, पेटी वाढवून सगळ्यांना सारखी वाटायची. झुरिकच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की साधारण निम्मी माणसं अटीवर सहकार्य करतात. बाकीचे जितकं टाकतील, त्याच्या आसपास मी टाकेन. तीसेक टक्के सरळ फुकटे. निव्वळ उदार फारच थोडे. खेळ पुन्हा पुन्हा खेळवला की पेटी आटत जाते, कारण अटीवाले फुकट्यांकडे बघून हात आखडतात. तुमच्या सोसायटीत फुकटे दहा-पंधरा असतील. अडचण त्यांची कमी आणि त्यांच्याकडे बघणाऱ्या तीस जणांची जास्त आहे. त्या तिसांना पर्यावरणावर भाषण देऊ नका, त्यांना ते आधीच पटलेलं आहे.

सामाईक मालमत्तेची वाट लागणारच, हे गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं आणि धोरण आखणाऱ्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं: एक तर सरकारने दंडुका घ्यावा, नाही तर वाटून खासगी करा. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी नेपाळचे पाट, स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावजंगलं तपासून दाखवलं की लोक शतकानुशतकं तिसऱ्याच वाटेने जात आलेत. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या यादीत वारंवार येणाऱ्या गोष्टी अशा: नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले असतात, देखरेख त्यांचीच असते, दंड आधी नाममात्र आणि मग वाढता असतो. आपल्याकडे हिवरे बाजार बघा. शेतीला बोअरवेल नाही, ऊस नाही, मोकाट चराई नाही, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर. किती पाऊस पडला आणि कुणी काय पेरायचं, हे गावाला एकत्र माहीत असतं.

तुम्ही ठराव आणि हात वर करणं सध्या बाजूला ठेवा. एक पानी पत्र करा: "किमान ४० फ्लॅटनी लेखी होकार दिला, तरच माझा होकार लागू. ४० झाले नाहीत, तर मी काहीही देणं लागत नाही." हे घेऊन दारोदार जा आणि आकडा रोज नोटीस बोर्डवर लावा. या अटीत सही करणाऱ्याला मूर्ख ठरायची भीती राहत नाही. पहिली सही तुमची आणि पहिला चेकही तुमचा. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ५८ गावांत सोलरचा प्रचार करणारे स्वयंसेवक होते. ज्यांनी स्वतःच्या छपरावर पॅनेल बसवलं होतं, त्यांनी इतरांपेक्षा सुमारे ६३ टक्के जास्त घरं जोडली.

गिरगावची_गॅलरी

आमच्या गल्लीत एसीच्या बाहेरच्या पेट्या मोजायला या एकदा. अमेरिका करारात आत-बाहेर करते, चीन कोळसा जाळतो आणि मुलुंडच्या गच्चीवर २० किलोवॅट लावून पृथ्वी वाचणार? बिल वाचतं म्हणून लावा, हवामानाच्या गप्पा कशाला.

वेसावकर_नाखवा

गिरगावकर दादा, बिलासाठी लावा किंवा कशासाठी लावा, पण "मी एकट्याने करून काय होणार" यावर आमच्या बंदरात बोलायचं तर माझ्याकडे बरंच आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ६१ दिवस. विणीचा काळ, समुद्र खवळलेला, सगळं ठीक. पण बोटीचा हप्ता बँक त्या दोन महिन्यांतही घेते आणि खलाशांना गावी पाठवायचं तर आगाऊ पैसे द्यावे लागतात. एकट्याने बोट वर ओढली आणि शेजारच्याने नाही ओढली, तर माझं नुकसान आणि मासाही वाचत नाही, तो त्याच्या जाळ्यात जातो. बंदी चालते ती सगळ्यांच्या बोटी एकाच वेळी वर असतात म्हणून. पूर्वी राज्याराज्यांच्या तारखा वेगळ्या असायच्या. आमच्या बोटी किनाऱ्यावर आणि समोर दुसऱ्यांचे दिवे लुकलुकताना दिसायचे. तेव्हाची चिडचिड मी बघितली आहे. तारखा एक झाल्यावर ती कमी झाली. कायद्याच्या आधीही नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटायची नाही हे होतंच, घरातल्या बायका नारळ सोन्याच्या कागदात गुंडाळेपर्यंत कुणाची टाप नव्हती.

आता बिघडतं कुठे ते सांगतो. एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणं २०१७ पासून बंद आहे, तरी रात्री खोल समुद्रात उजेड दिसतो. तो उजेड एकदा दिसला की बंदरावर चर्चा सुरू होते: आपणच का पाळायचं? एका बोटीच्या दिव्यामुळे पन्नास बोटींची नियत फिरते. गस्त किती बोटींची आहे यापेक्षा पकडलेल्याचं पुढे काय झालं, हे बंदरावर कळतं की नाही, यावर सगळं असतं. पकडून चार दिवसांत सोडला असं कळलं, तर न पकडलेला परवडला.

आणि गिऱ्हाईकाचंही सांगतो. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचं किमान माप ठरवून दिलं, त्याखालचा मासा पकडायचा नाही. पापलेट त्याच वर्षी राज्य मासा झाला. पण मापाखालचं पापलेट घेऊन बसलेल्या मावशीपुढे गिऱ्हाईक उभं राहतं आणि "तळायला हीच बरी, ताटात दोन येतात" म्हणतं, तोवर माझ्या जाळ्याच्या आसाला (भोकाच्या मापाला) कोण विचारतो? टोपलीत पिल्लं दिसली तर मागायची नाहीत, एवढं दादर-अंधेरीच्या घरांनी ठरवलं तरी आमच्या अर्ध्या मिटिंगा वाचतील. एकटं कुणी मागायचं थांबलं तर मावशी पुढच्याला विकेल, हेही खरं.

खडूफळा

@गिरगावची_गॅलरी, २८ हजार युनिट म्हणजे आपल्या कोळशावरच्या ग्रिडच्या हिशेबात वर्षाला वीसेक टन कार्बन डायऑक्साइड. पृथ्वी वाचत नाही, मान्य. पण तुम्ही जे अमेरिका-चीनबद्दल बोललात, ते "बघू, बाकीचे काय म्हणतात" हेच आहे, फक्त इंग्रजीत आणि सूट घालून. हवामानाच्या आधीच्या क्योटो करारात दंड होता, तरी कॅनडा २०११ मध्ये बाहेर पडला. म्हणून २०१५ च्या पॅरिस करारात दंड ठेवलाच नाही. प्रत्येकाने आपलं आपण उद्दिष्ट सांगायचं, दर पाच वर्षांनी सगळ्यांसमोर वाढवायचं. नोटीस बोर्डाची पद्धत. पुरेशी आहे का, तर नाही, बोर्डवर नाव असूनही न भरणारे आहेत. ओझोनसाठीचा १९८७ चा मॉन्ट्रियल करार जास्त यशस्वी ठरला. त्यात सदस्य नसलेल्यांशी त्या रसायनांचा व्यापार बंद होता, त्यामुळे बाहेर राहणं महाग आणि आत येणं स्वस्त झालं. शिवाय गरीब देशांना मुदत जास्त आणि खर्चाला निधी. वेसावकरांच्या खलाशांचा आगाऊ पैसा कुणीतरी भरला, असं समजा.

घाटकोपरची_नलू

दंडाबद्दल मी सांगते. तुमच्या चेअरमनना हे जरूर दाखवा.

२ ऑक्टोबर २०१७ पासून २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त ओला कचरा होणाऱ्या सोसायट्यांना तो आवारातच जिरवायची सक्ती झाली. आम्ही त्यात मोडतो. कमिटीने ठरवलं, ओला-सुका एकत्र दिला की दोनशे रुपये मेंटेनन्सच्या बिलात. दोन महिने बरं चाललं. मग एका घरातून सरळ निरोप आला, "आमचे दोनशे लावून टाका, बाईला वेळ नाही." पुढच्या बिलात असे आठ-दहा. आधी कचरा एकत्र देताना लोक जरा ओशाळायचे, ते ओशाळणंच गेलं, पैसे मोजलेत ना. इस्रायलमध्ये हैफाच्या पाळणाघरांत असंच झाल्याचं नंतर वाचलं. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर करणारे वाढले, आणि दंड काढल्यावरही पूर्वीइतके कमी झाले नाहीत. आमच्याकडेही दंड काढून काही सुधारलं नाही.

सुधारलं ते वेगळ्याच कारणाने. डबे तपासणारी आमची सफाईवाली मजल्यावर येऊन हाताने कचरा वेगळा करायची. एकदा तिच्या बोटाला ब्लेड लागलं. ती रडली-बिडली नाही, पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी हजर आणि सातव्या मजल्यापासून सुरू करून प्रत्येक दारात उभी राहून तिने विचारलं, "ब्लेड तुमचं का?" फक्त एवढंच. ज्यांचं नव्हतं तेही कागदात गुंडाळून ब्लेड द्यायला लागले. नियम तोच, पण आता तो तिचा झाला होता. कमिटीने मग तिला हातमोजे आणि पगारात वाढ दिली, जे आधीच द्यायला हवं होतं. खत तयार झालं की प्रत्येक घराला कुंडीपुरतं मिळतं. ते न्यायला मात्र सगळे येतात, फुकटेसुद्धा.

दंड अजिबात नको असं मी म्हणत नाही. पण पहिल्या दिवशी नको, आणि ज्याची किंमत मोजून मोकळं होता येईल असा नको.

बोरिवली_आयसी

आमच्याकडे २५ किलोवॅट लागून तीन पावसाळे झाले. मॅडम, तुमच्या तीन आक्षेपांची उत्तरं देतो, हीच आम्हालाही ऐकावी लागली होती.

पहिला मजला: लिफ्ट वापरत नसतील, पण नळाला पाणी पंपाने टाकी भरल्यावरच येतं. हे कुणाला सभेत सुनावू नका, घरी जाऊन सांगा. सभेत हरलेला माणूस नंतर वर्षभर प्रत्येक ठरावाला आडवा येतो.

भाडेकरू: मालकाला सांगा, पैसे तुमचे आणि मेंटेनन्सची बचतही तुमचीच. आम्ही बचत सोसायटीच्या खात्यात न मुरवता प्रत्येक बिलावर वेगळी ओळ छापली: "सौर बचत, या महिन्यात अमुक रुपये." आमच्या सेक्रेटरीला हे बाळबोध वाटलं होतं. पण वर्षभराने ईव्ही चार्जिंगचा प्रस्ताव आला, तेव्हा त्या ओळीकडे बोट दाखवूनच लोक हो म्हणाले.

रिडेव्हलपमेंट: ५१ टक्के संमती झाली म्हणजे उद्या बिल्डिंग पडत नाही, हे मुंबईत कुणाला सांगायला हवं का? फीजिबिलिटी, टेंडर, करारनामा यात पाच वर्षं सहज जातात आणि तुमचे पैसे तीन वर्षांत सुटतात. पॅनेल नटबोल्टवर असतात, काढून विकता किंवा हलवता येतात. मात्र रेस्कोवाला आला आणि "एक पैसा भरू नका, पॅनेल आमचं, तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्या" म्हणाला, तर करार किती वर्षांचा ते बघा. पंधरा-वीस वर्षांचा असेल आणि मध्येच बिल्डिंग पाडायची झाली, तर भरपाई कुणी द्यायची हे तिथे लिहून घ्या. रिडेव्हलपमेंटच्या रांगेतल्या सोसायटीने स्वतःचे पैसे घालणं बरं, असं माझं मत.

एक तुम्ही लिहिलं नाही: वरच्या मजल्याची गळती. सातव्या मजल्यावाले गप्प असतील, पण त्यांच्या मनात तेच असणार. पायाचे काँक्रीट ब्लॉक वॉटरप्रूफिंगला छिद्र न पाडता ठेवायचे आणि सांगाडा माणूस खालून चालेल इतका उंच घ्यायचा, हे टेंडरमध्येच टाका. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वारा ताशी शंभराच्या वर गेला होता, म्हणून वाऱ्याच्या भाराचं स्ट्रक्चरल इंजिनीअरचं प्रमाणपत्रही मागा. आणि साफसफाई: आजूबाजूला बांधकाम असेल तर धूळ, नसेल तर कबुतरं. दर पंधरा दिवसांनी पाणी मारावं लागतं, त्याचे पैसे हिशेबात धरा.

रविवारी दहा-बारा मेंबर घेऊन आमच्या गच्चीवर या. मी नसलो तरी आमचा वॉचमन दाखवेल, त्याला आता सगळे आकडे पाठ आहेत.

मुलुंडची_खजिनदार

सगळ्यांचे आभार. नलूताई, तुमचा मजकूर चेअरमनना वाचायला दिला. ते म्हणाले, "आपल्याकडे ब्लेड कुठे आहे?" पण दंडाचा विषय मागे घेतला. नाखवा दादा, या रविवारी पापलेट घेताना मी माप विचारलं. मावशी आधी हसली, मग मोठी टोपली पुढे ओढली.

पत्राचा मसुदा असा केलाय: "वरील खर्चापैकी माझ्या वाट्याचे रु. १२,५०० देण्यास मी तयार आहे. किमान ४० सदस्यांची अशी संमतिपत्रे जमा झाल्यासच ही संमती लागू राहील. तोपर्यंत माझा धनादेश वटवला जाणार नाही." सातव्या मजल्यापासून सुरुवात करतेय, गळतीचं कलम दाखवून. काही सुटलंय का?

बोरिवली_आयसी

दोन गोष्टी. धनादेशाची मुदत तीन महिने असते, म्हणून "अमुक तारखेपर्यंत ४० न झाल्यास धनादेश परत" अशी तारीख घाला, उघडं ठेवू नका. आणि "अनुदान मंजूर न झाल्यास पुन्हा विचारणा होईल" हे वाक्यही हवं, नाही तर साडेबारा हजारांचे एकोणीस हजार झाले की पहिला फोन तुम्हालाच येईल.

खडूफळा

आणि नोटीस बोर्डवर आकडा लावा, नावं नकोत. निदान तीस होईपर्यंत तरी.